बाहेरून कडी नसलेली खोली

लासलगावहून सकाळची एसटी निघाली तेव्हा कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती. माझी सात वर्षांची गार्गी खिडकीशी बसून त्यांची चाकं मोजत होती. गार्गी ऑटिस्टिक आहे. आधीच्या शाळेत ती रडली की तिला खोलीत कोंडायचे, हे मला महिन्याभराने कळलं. तो राग अजून गेलेला नाही. म्हणून आम्ही मायलेकी नाशिकला शाळा शोधायला निघालो होतो.

विंचूरला भेळभत्ता घेतला. गार्गीने त्यातले शेंगदाणे तेवढे वेचले, उरलेला मी खाल्ला. आता आम्ही शहरातच राहतो, पण त्या प्रवासाची, त्या पुडीचीसुद्धा, फार आठवण येते.

गंगापूर रोडवरची पहिली शाळा अगदी चकाचक. तिथल्या बाईंनी विचारलं, "बेटा, तहान लागली आहे का?"

"हाय," गार्गी म्हणाली. आमच्याकडे हाय म्हणजे आहे. बाईंनी हसून हात हलवला, "हाय, हाय!"

"हाय," गार्गी पुन्हा म्हणाली. पुन्हा हात हलला. तिसऱ्यांदा पोर किंचाळलीच, आणि बाई म्हणाल्या, "सॉरी, आमच्याकडे जमणार नाही." नाव मोठं, लक्षण खोटं.

दुसरी शाळा एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे मी ताकही फुंकत होते. तिथल्या ताई येवल्याकडच्या. गार्गीने कान झाकलेले पाहून त्यांनी आधी खडखडणारा पंखा बंद केला.

"तान लागली हाय का गं?"

"हाय."

"मंग घे." गार्गी गटागटा पाणी प्यायली.

मी थेट विचारलं, "लय ओरडली तर कोंडणार नाही ना?"

ताईंनी आतली छोटी खोली दाखवली. गादी, दोन उशा, मंद उजेड. "दमली की पोरं आपणहून येतात इथं. दार बघा." बाहेरच्या बाजूला कडी नव्हती, नुसती स्क्रूची भोकं. "जागा घेतली त्याच दिवशी काढली. तुम्ही कधीबी या, न सांगता." मला तिथेच रडू फुटलं.

परतीच्या गाडीत हॉर्न वाजला आणि गार्गी किंचाळली. सगळी गाडी वळून बघू लागली. एरवी मी हात जोडून प्रत्येकाची माफी मागायचे. त्या दिवशी फक्त तिला जवळ घेतलं.