फेफरं न्हवतं

माझे मालक शिंपी होते. सास्तूरच्या वेशीजवळ आमची मशीन होती आणि आसपासच्या खेड्यांची बंड्या-झबली तिथं शिवली जायची. निजामाच्या राज्यात तिरंगा जवळ बाळगणं गुन्हा झाला, त्याच दिवसांत त्यांनी झेंडे शिवायला घेतले. सरहद्दीपलीकडून कुणी कापड आणून द्यायचं, हे शिवून द्यायचे. मला म्हणाले होते, "शिंप्याकडं कापड आलं, तर शिंप्यानं शिवायचं. त्यात काय एवढं?"

एवढंच झालं असतं तर बरं होतं. पण कुणीतरी चुगली केली. पोलिसांचा अमीन जवान घेऊन आला, मशीन अंगणात उलथी पाडली आणि ह्यांच्या पायांत बेडी ठोकून तालुक्याच्या तुरुंगात नेलं. मी तेव्हा दिवसांत होते.

भेटायला गेलं की फाटकावरूनच परत पाठवायचे. मग एका सकाळी पोलीस पाटील दारात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "गाडी जुपा. मयत आणाया जायचंय."

माझ्या सासूबाई कानडी मुलखातल्या, आळंदकडच्या. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणायचे. त्या रडल्या नाहीत. नेसत्या लुगड्यावर गाडीत बसल्या आणि मलाही बसवलं. शेजारणी म्हणाल्या, पोटुशीला नेऊ नका. अव्वा म्हणाल्या, "तिचा नवरा हाय. तिला बघू द्या."

फाटकाशी तुरुंगाचा दरोगा उभा होता. तो म्हणाला, "माई, तुझ्या मुलाला फेफरं यायचं. त्यातच गेला. खुदा की मर्जी."

"कवापासनं यायचं?" अव्वांनी विचारलं.

"लहानपणापासून असेल."

"त्याचं लहानपण म्या काढलंय. तू न्हाय."

त्यांनी चादर तोंडावरून काढली. ह्यांचे दात एकमेकांवर गच्च बसले होते. मग अव्वांनी पायांकडची चादर वर केली. उजवा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, बेडीच्या कड्याखालचं कातडं काळं पडून चिघळलेलं. आमच्याकडं पायात खिळा गेला, विळा लागला, की पहिली भीती धनुर्वाताची. लहान पोरालाही ते कळतं. दरोगानं चादर हिसकून खाली ओढली आणि म्हणाला, दहन इथंच उरकायचं, गावाला न्यायचं नाही. तालुक्याच्या ओढ्याकाठी, परक्या सरणावर आम्ही त्यांना अग्नी दिला.

मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या सुमाराला एक पिंजारी आमच्या दारात आला. खांद्यावर कापूस पिंजायची कमान, दाढी पांढरी. आम्हाला वाटलं, गादी भरायची का विचारतोय. तो उंबऱ्याबाहेर बसला आणि म्हणाला, "म्या तुमच्या पोराच्या कोठडीत होतो, अम्मा." कुठल्याशा पटवाऱ्याशी मारामारी केली म्हणून त्याला आत टाकलं होतं. सुटल्यावर आमचं गाव विचारत विचारत तो आला होता.

त्यानं सगळं सांगितलं. बेडीनं घोटा कापला, पू झाला. पिंजाऱ्यानं ओरडून डॉक्टर मागितला, तर पहारेकरी म्हणाला, सोंग करतोय. मग जबडा धरला. अंग कमानीसारखं वाकायला लागलं. "चिंधी भिजवून ओठावर पानी पिळत होतो, पर आत जायना. शेवटी डागदर आला. गजाबाहेरूनच बघितलं. म्हनला, मिरगी हाय, फेफरं. कुलूप उघडायला बी सांगितलं न्हाय."

मी चुलीशी बसून ऐकत होते. 

अव्वांनी तालुक्याच्या एका वकिलाकडून उर्दूत अर्ज लिहून घेतला. तहसीलदारानं एकदा बोलावलं. डॉक्टर खुर्चीवर, आम्ही जमिनीवर. डॉक्टर म्हणाला, फेफरं होतं. पिंजाऱ्याला तोंडही उघडू दिलं नाही. कैद्याची साक्ष ती काय, म्हणे. अव्वा संतापल्या की कानडीत बोलायच्या. त्या दिवशी कचेरीच्या पायऱ्या उतरेपर्यंत त्या कानडीतच बोलत होत्या, आणि चपराशी हसत होता.

पुढं पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. गावात पेढे वाटले. वेशीत सभा भरली, आणि ह्यांचं नाव घेऊन लोक हुतात्मा अमर रहे असं ओरडले. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण हार घालायला आलेल्या पुढाऱ्याला अव्वा म्हणाल्या, "हुतात्मा नका म्हनू त्याला. त्यो मराया गेला न्हवता. त्याला औषिद पायजे व्हतं."

नवा अधिकारी पुण्याकडचा होता. त्यानं आम्हाला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, साक्षीदार आणा. मी चौकशी लावतो."

साक्षीदार आणायला आम्ही पिंजाऱ्याच्या गावी गेलो, तर घराला कडी. त्या दिवसांत मुसलमानांची घरं लुटली जात होती, माणसं मारली जात होती, आणि निजामाचा रझाकार म्हणून वाटेल त्याला धरून नेत होते. त्याच्या बायकोनं एका कुणब्याच्या गोठ्यात आसरा घेतला होता. ती म्हणाली, त्याला तालुक्याच्या तुरुंगात नेलंय, आणि तिथं तो तापानं फणफणलाय. तोच तुरुंग. डॉक्टरही तोच होता. राज्य बदललं तरी त्याची नोकरी बदलली नव्हती.

गावात आम्हाला समजावणारे कमी नव्हते. "ज्यांनी तुमचा माणूस मारला त्यांच्यासाठी जाता?"

अव्वा म्हणाल्या, "माझ्या पोराच्या ओठाला त्यानं पानी लावलंय. तुमी लावलंत का?"

आम्ही दोघी मुलीला घेऊन फाटकासमोर बसलो. आता पहाऱ्यावर वेगळ्या टोपीचा जवान होता. म्हणाला, "डॉक्टर येईल तेव्हा येईल."  ऊन चढलं, मुलगी रडून झोपली. मला पळून जावंसं वाटत होतं. त्या भिंतीकडं बघवत नव्हतं.

डॉक्टर सायकलवरून आला. आम्हाला बघून त्यानं मान वळवली. अव्वांनी उठून सायकलचं हँडल धरलं.

"आत एक म्हातारा तापानं पडलाय. त्याला हात लावून बघा."

"बाई, सोडा. मला कामं आहेत."

"गजाबाहेरनं न्हाय. कुलूप काढून, नाडी धरून बघा. तवर म्या सोडत न्हाय. मारायचं तर मारा."

लोक जमले. डॉक्टरच्या कपाळावर घाम आला होता. वयानं तो माझ्या मालकांएवढाच असेल, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तो हळू आवाजात म्हणाला, "तेव्हा दरोगा म्हणाला होता, राजकैद्याचं कुलूप उघडायचं नाही. मी भ्यालो होतो."

"आता कुनाला भिता?"

 तो सायकल भिंतीला लावून आत गेला. पिंजाऱ्याला निमोनिया झाला होता. त्याला खाटेवर घालून दवाखान्यात हलवलं. अव्वा रोज तांदळाची पातळ कण्हेरी करून न्यायच्या. तो वाचला. अधिकाऱ्यानं त्याला सोडवलं आणि त्यानं साक्ष दिली. डॉक्टरनंही शेवटी कबूल केलं, की फेफरं नव्हतं, धनुर्वात होता, आणि जखम त्यानं पाहिलीच नव्हती.

निकाल ऐकायला आम्हाला बोलावलं. अधिकारी म्हणाला, मृत्यूचं कारण दुरुस्त केलं आहे. दरोगा हैदराबादेकडं निघून गेलाय, त्याचा ठावठिकाणा नाही. डॉक्टरची बदली केली आहे.

"बदली?" अव्वा म्हणाल्या.

"माझ्या हातात तेवढंच आहे, आई." त्याला खरंच वाईट वाटत होतं.

 परत येताना गाव दिसायला लागलं, तशी गाडीत अव्वांनी मला विचारलं, "जिथं बदली झाली, तिथंबी तुरुंग असंल का गं?"

मी म्हणाले, "असंल की, अव्वा."

मग त्या रडल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. गाडीवानानं बैल थांबवले, आणि त्यांचं रडणं आवरेपर्यंत आम्ही तिथंच रस्त्यावर थांबलो.