पेट्रोल महागलं आणि म्हात्रेताई भेटल्या

मंडळी, थोड्या वेळापूर्वीच दवाखान्यातून घरी आलेय. आता बरी आहे, टेन्शन घेऊ नका.

पेट्रोल पुन्हा वाढलं तेव्हा आमच्या नेरुळच्या सोसायटीत ठरलं, महापेला कामाला जाणाऱ्यांनी एकाच गाडीतून जायचं. माझ्यासोबत आल्या तळमजल्यावरच्या म्हात्रेताई, मूळच्या इथल्याच शिरवणे गावच्या. खरं सांगू? मला ते नकोच होतं. एकटीने गाणी ऐकत गाडी चालवणं हाच माझा दिवसातला निवांत वेळ होता.

आज सकाळी ठाणे-बेलापूर रोडवर अचानक हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. मला डायबेटिस आहे आणि घाईत नाश्ता राहिल्यामुळे साखर एकदम उतरली होती. समोरचा ट्रकही धूसर दिसायला लागला.

"अगो, काय होतंय तुला? गारी बाजूला घे आदी!" म्हात्रेताई ओरडल्या.

कशीबशी गाडी कडेला घेतली. त्यांनी पळत जाऊन टपरीवरून साखरेचं पाणी आणलं, घोटघोट पाजलं. मग स्वतः स्टीअरिंगवर बसून मला दवाखान्यात नेलं. कामावर खाडा करून दुपारपर्यंत माझ्याजवळ बसून राहिल्या.

मी थँक यू म्हणाले, तर म्हणतात, "थँक यू कसला? उद्या खाऊन ये, म्हंजे झाला."

भाव वाढले म्हणून मी किती चिडले होते! पण ते वाढले नसते, तर आज त्या रस्त्यावर मी एकटीच असते.

तुमच्या बिल्डिंगमधूनही एकाच दिशेला अशा एकेकट्या गाड्या निघतात का? उद्या कोणाला तरी विचारून बघा ना, "येताय का सोबत?"