वहिनीचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. मुलाला नाही. गेले कितीतरी दिवस लिहायला बसतो आणि उठतो. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तेही जात नाहीये.

कोंबड्यांपासून सुरू करतो. ते सोपं आहे.

आमचं गाव कर्जतहून खोपोलीकडे जाताना रस्त्यापासून आत आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरामागच्या वाडीत मी गावरान कोंबड्या पाळल्या. खायची अंडी कुणीही विकतं. मी उबवणीची विकायचो. गिऱ्हाइकानं ती घरी न्यायची, खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवायची आणि तीन आठवड्यांनी पिल्लं बघायची. ज्यांना तयार पिल्लं हवीत त्यांच्यासाठी उबवणीचं एक छोटं मशीन घेतलं होतं. खोक्यात भाताचं तूस पसरायचं, अंड्याचं निमुळतं टोक खाली ठेवायचं, वर पुन्हा तूस. पिल्लांच्या खोक्यांना भोकं पाडायची. बबनचा टेंपो सकाळी यायचा, तो शिळफाट्याला, खालापूरला, डोंगराखालच्या वाड्यांवर खोकी पोचवायचा. माल मोडका गेला अशी तक्रार कधी आली नाही.

पण गिऱ्हाइकं माझ्या पॅकिंगसाठी येत नव्हती. ती वहिनीच्या हातासाठी येत होती.

आमच्याकडे अंडी कुणी ठेवली याला फार महत्त्व. एखादीनं ठेवलेली सगळी फुटतात, एखादीची अर्धी नासतात, असं मानतात. माझी वहिनी, म्हणजे थोरल्या भावाची बायको, हिच्या हाताला यश आहे हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. लोक कोंबडी बसवायला तिला बोलावून न्यायचे. भोपळ्याच्या बिया तिच्याकडून लावून घ्यायचे. ती लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, म्हणून ती मला शेवटपर्यंत ‘दामू’च म्हणायची. माझ्या धंद्यात तिनं एकच गोष्ट केली. प्रत्येक खोक्यात अंडी स्वतःच्या हातानं ठेवली. आणि मी फोनवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो, "वैनीच्या हातची अंडी हायत."

माझा या गोष्टींवर विश्वास होता का? नव्हता. धंद्याला चालत होतं, एवढंच.

आता थंडीतल्या त्या आठवड्याकडे येतो. यायलाच हवं.

खालापूर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या बायकांनी मिळून अंडी मागितली होती. त्यांच्या कोंबड्या खुडूक होऊन बसल्या होत्या आणि खुडूकपणा काही कायमचा नसतो. अंडी वेळेत गेली नाहीत तर कोंबडी उठते, हंगाम हुकतो. त्याच वेळी नेरळच्या एका बंगलेवाल्याला पिल्लं हवी होती. मी दोघांनाही हो म्हटलं. चांगली अंडी मशीनमध्ये घातली आणि वाडीसाठी नंतरची जमवू असं ठरवलं. थंडीत कोंबड्यांनी अंडी देणं कमी केलं. मग आमच्या भागातली डीपी जळली आणि लाईट गेली ती परत येईना. इन्व्हर्टर होता—पण त्याच्या बॅटरीत पाणी घालायचं मी कधीचं विसरलो होतो. मशीन थंडगार पडलं.

लाईट आल्यावर मी एकेक अंडं टॉर्चवर धरून पाहिलं. आतला जीव जिवंत असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. मेला असेल तर रक्ताचं नुसतं कडं दिसतं.

सगळ्यांत कडी होती.

इथे थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. दोन फोन केले असते तरी पुरलं असतं. मी काय केलं? हाताशी जी थोडी ताजी अंडी होती ती मशीनमध्ये घातली, बंगलेवाल्यासाठी. आणि मेलेली घेऊन बसलो. मशीनमधल्या अंड्यांवर पेन्सिलीच्या खुणा असतात, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल—अंडं फिरवलं की नाही ते कळावं म्हणून. ओल्या फडक्यानं मी त्या खुणा पुसल्या. एकेक. भर दुपारी, पडवीत बसून. हात थरथरत होते असं लिहिलं तर बरं दिसेल. नव्हते थरथरत.

मग वहिनीला हाक मारली.

ती कणकेचे हात धुऊन आली. नेहमीसारखी मांडी घालून बसली आणि प्रत्येक अंडं दोन्ही तळव्यांत धरून, कपाळाला लावून तुसात ठेवत गेली. "बाय माझी, नीट जा," असं प्रत्येकाला म्हणायची तिची सवय होती. मी शेजारी उभा राहून खोकं बांधायची सुतळी सोडवत होतो.

तीन आठवडे झाले, त्यावर अजून काही दिवस गेले. एक दिवस बबन रिकामी खोकी घेऊन अंगणात आला. नेहमी हसत येणारा माणूस, त्या दिवशी टेंपोला टेकूनच उभा राहिला.

"काका, वाडीवर एक पिल्लू नाय निघालं. अंडी फुटून वास मारतोय. कोंबड्या बिचाऱ्या अजून बसल्यात. एक तर बसल्या जागी मेली."

मी टेंपोतली रिकामी खोकी उतरवू लागलो.

"बाया काय बोलतात ठावं हाय? वैनीचा हात उतरला."

आणि मी म्हणालो, "वय झालं रं आता तिचं."

हेच ते. याच्यासाठी एवढं लिहिलं. पाच शब्द. बबन रोज किती वाड्या, किती दुकानं, किती अंगणं फिरायचा हे मला माहीत होतं. खोक्यांबरोबर हेही घरोघर पोचणार हेसुद्धा माहीत होतं. नाव कुणाचं जावं, माझं की तिचं, एवढाच प्रश्न होता आणि मी तो क्षणात सोडवला.

पुढचं फार चटकन झालं. कोंबडी बसवायला तिला कुणी बोलवेना. नळावर बायका बोलताना थांबायच्या. एक दिवस ती माझ्या पडवीत आली, खांबाला धरून उभी राहिली.

"दामू, माझा हात उतरला म्हनतात. खरं काय रं?"

काय सोपा प्रश्न! ‘नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, "लोकांचं काय मनावर घेतेस? तू आता आराम कर. खोकी मी भरतो."

तिनं मान हलवली. माझ्या बोलण्यातून तिला जे कळायचं ते कळलं. त्यानंतर तिनं घरातल्या कोंबड्याही बसवल्या नाहीत. लोणच्यात मीठ घालायला शेजारणीला हाक मारू लागली. वेलाच्या बिया नातेवाइकांच्या हातात द्यायची. मला हे दिसत होतं. मी स्वतःला सांगत होतो, अंड्या-बियांपुरतं आहे, विसरेल.

विसरेल? मी हे खरंच मानत होतो?

मग नंदाचं लग्न ठरलं. नंदा म्हणजे वहिनीची एकुलती मुलगी. मुंबईत नर्सचं काम करायची, हॉस्टेलवर राहायची, गावातलं हे सगळं तिच्या कानावर फारसं नव्हतं. नवरा मुलगा तिनं स्वतः पसंत केलेला, जात वेगळी. दादानं आधी कुरबूर केली. वहिनीनं नाही. मुलगा पहिल्यांदा घरी आला तेव्हा तिनं त्याला आग्रह करकरून घावन वाढले होते, तो गेल्यावर मला म्हणाली, "पोरगा सरळ हाय रं. जेवताना खाली बघून जेवतो."

हळदीच्या दिवशी माजघरात पाटावर नंदा बसली. बायका गात होत्या, चिडवत होत्या. "घे गं, जास्त लाव, नेरळपर्यंत पिवळी दिसली पायजे!" सवाष्णी एकामागून एक पुढे झाल्या. कुणीतरी हाक मारली, "वैनी कुठं गेली? आईनं लावायची ना!"

वहिनी स्वयंपाकघरात होती. मी बोलवायला गेलो. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती, दोन्ही हात पदराखाली.

"माझा हात नको रं पोरीला," ती म्हणाली. "अंडी नासली तशी तिची कूस नासली तर? तुला आण हाय दामू, तिला सांगू नको. उगाच भिईल."

पाटावर मुलगी बसली आहे, आणि तिची आई आत स्वतःचे हात लपवून उभी आहे—मी पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणांमुळे! माझ्या एका वाक्याचं हे एवढं झालं होतं आणि मला पत्ता नव्हता. मी तिथेच बोलायला हवं होतं. बाहेर वीस पावलांवर मांडव होता. एक वाक्य पुरलं असतं. पण मांडवात बबन होता, व्याही होते, सगळा गाव होता.

मी बाहेर येऊन सांगितलं, "तिला बरं वाटत नाय. तुमी उरका."

नंदानं माझ्याकडे पाहिलं.

वहिनी यंदा गेली. दहाव्याला नदीवरून परतताना नंदा माझ्याबरोबर चालत होती. तिला दोन मुलं आहेत, दोघंही शाळेत जातात. ती गावाला कमी येते, आली तरी राहत नाही, याचं कारण मी कामाचा ताण समजत होतो. ती मध्येच थांबली.

"काका, आईनं मला हळद नाय लावली. शेवटपर्यंत तिला माझा नवरा पसंत नव्हता. मला तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. लोकांना वाटलं चक्कर आली. मुलीच्या मनात एवढी वर्षं हे होतं. आई कधी तिच्याकडे राहायला गेली नाही, नातवंडांना मांडीवर घेताना ओशाळायची, हे सगळं त्या मुलीनं रागाच्या खात्यात टाकलं होतं. आणि मला वाटत होतं, नुकसान फक्त वहिनीचं झालं.

तेव्हाही मी बोललो नाही. पाणी प्यायलो आणि उठलो.

म्हणून हे लिहितो आहे. याची पहिली प्रत नंदाला जाईल, दुसरी बबनला, म्हणजे ती घरोघर पोचेल.

नंदा, तुझ्या आईच्या हातात काही खोट नव्हती. अंडी मेलेली होती, ती मेलेली आहेत हे मला माहीत होतं, आणि ती मी तिच्या हातात दिली. तुझा नवरा तिला पहिल्या दिवसापासून आवडला होता. ती तुझ्यावर रागावली नव्हती, स्वतःच्या हाताला भ्याली होती. ते भय मी घातलं.

अजून एक आहे. तुला आंघोळीला नेल्यावर सगळे मांडवाकडे गेले. तुझी आई तेव्हा बाहेर आली. पाटावर सांडलेली हळद तिनं बोटांनी निपटून घेतली आणि स्वतःच्या गालांना लावली, दोन्ही गालांना, डोळे मिटून. मी दारात उभा राहून ते पाहिलं, आणि मांडवात जाऊन जेवायला बसलो.