डाव्या मडगार्डवरचा पोचा

माझ्या थोरल्या भावाची टॅक्सी मी ठोकली होती आणि तो दोष दुसऱ्याच्या माथी जाऊ दिला. एवढे एक वाक्य लिहायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. पुढचा अनुभव त्याच्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून ते आधी.

भूत, करणी, नजर यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही पुराव्यावाचून मी काही मान्य करीत नाही. फक्त या वेळी पुरावा माझ्याच तळहाताखाली होता...

आम्ही लालबागचे, मूळचे मालवणकडचे. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा थोरल्या भावाने, भाईने, टॅक्सी घेतली आणि त्या टॅक्सीवर माझे कॉलेज झाले. दिवसा भाई चालवी, संध्याकाळपासून त्याचा जिवलग मित्र सदानंद. एका गाडीवर दोन घरे चालत. एका दुपारी भाई जेवून आडवा झाला असता दारामागच्या खिळ्यावरची किल्ली मी उचलली. आपल्याला गाडी चालवता येते, एवढेच स्वतःला दाखवायचे होते. रे रोडला लाकडाच्या वखारीपाशी वळताना डावा मडगार्ड खांबाला लागला. वाटीच्या बुडाएवढा पोचा, आणि त्यावर नखाने ओढावी तशी एक तिरकी घडी. डावी बाजू भिंतीकडे येईल अशी गाडी लावून मी किल्ली गुपचूप खिळ्यावर अडकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सदानंद गाडी परत घेऊन आला तेव्हा, भाईला पोचा दिसला.

"देवाशप्पथ सांगतंय, माझ्या हातून नाय झाला," सदानंद म्हणत होता.

"पोचो पडलो तर पडलो, खोटा कित्याक बोलतंस?" भाईने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

मी दारात चहा पीत उभा होतो. तो चहा मी संपवला. सदानंद पुन्हा आमचा जिना चढला नाही.

आता अलीकडचे. जुन्या टॅक्स्या रस्त्यावरून कायमच्या गेल्या त्या सुमारास भाई अगदी मुका झाला. वहिनी पूर्वीच गेलेली, गुडघे दुखरे. दिवसभर गॅलरीत बसून खालची रहदारी बघायची. माझ्या मनात आले, त्याला मिरवायला एक गाडी घ्यावी आणि ती त्याच्या टॅक्सीच्या घाटाची असावी. गोल दिवे, क्रोमची पट्टी, फुगीर मडगार्ड — हल्ली जुन्या धर्तीवर तशा लहान गाड्या निघतात. नवी परवडण्यासारखी नव्हती. बऱ्याच शोधानंतर गिरगावातल्या एका वृद्ध डॉक्टरांची सेकंडहँड गाडी आमच्या आवाक्यात आली. सायीच्या रंगाची, छत काळे.

भाई तपासायला आला तो रुमालात चुंबक बांधूनच. रंगाखाली पोचा बुजवायची पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, हे त्याचे शास्त्र. तासभर त्याने गाडीभोवती प्रदक्षिणा घातल्या.

"भाई, पुरे आता. डॉक्टर बघतायत."

"बघूंदेत. तेनी जल्मभर माणसा तपासली. मी गाडी तपासतंय." मग डाव्या मडगार्डवर हात फिरवून म्हणाला, "पत्रो कोरो हा. घे."

आमच्या इमारतीच्या आवारात पूजा झाली. आमच्याकडे नव्या वस्तूपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. घरातला वडीलधारा देवाला मोठ्याने सांगतो आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. भाईने घातले.

"बा देवा म्हाराजा! माझ्या भावान गाडी घेतल्यान हा, तिचो सांभाळ कर. कळत-नकळत काय अपराध घडलो असात तर तो पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर्वांत मोठा आवाज माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या मडगार्डवर पोचा होता. वाटीच्या बुडाएवढा. त्यावर तिरकी घडी.

सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहिले. एक मांजर सोडले तर गाडीपाशी कोणी फिरकले नव्हते. गॅरेजमधल्या डेंटरने पोचा काढून दिला. आठवडा गेला नाही तोच तो परत आला. तीच जागा, तीच घडी. पुन्हा काढला, पुन्हा आला.

"साहब, पत्रा है, कभी कभी वापस बैठता है," डेंटर म्हणाला. ते मला पटलेही असते. पण घडीची तिरपीसुद्धा तीच कशी यावी?

भाईपासून मी हे लपवत होतो. एके दिवशी तो काठी टेकत खाली आला आणि त्याची बोटे त्या पोच्यावर थांबली.

"असोच पोचो सदान पाडलेलो," तो म्हणाला. मग बोटाने घडी चाचपत पुढे म्हणाला, "पोचो मी तेव्हाच इसारलंय. तो माझ्याकडे खोटा बोललो, ता नाय इसाराक जमला."

ठोकलेल्या पत्र्यापेक्षा मी किती मोठे काय मोडले होते, ते त्या क्षणी मला कळले. दोघेही सत्तरीचे. आणखी किती वाट पाहणार होतो?

सदानंद करी रोडला, चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, मुलीकडे राहतो. दार त्यानेच उघडले.

"बाळ्या? अरे, टक्कल पडला तुका!" आणि लगेच, "भाई कसो हा?"

"सदूभाऊ, गाडी घेतलीय. गाऱ्हाण्याला चला."

"माझा काय काम? नारळ फोडूक तुझो भाई हा मां?"

"एकदा फोडला. तो चुकीचा फुटला."

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले आणि चपला घातल्या. खाली गाडी बघून म्हणाला, "ही काय रे, गाडी की पेढ्यांचो डबो?" पण आत बसल्यावर दार त्याने इतके अलगद लावले, जसे फक्त टॅक्सीवालेच लावतात.

आमच्या आवारात भाई खुर्चीवर बसला होता. सदानंदला पाहताच त्याने मान फिरवली.

"ह्याका कित्याक हाडलंस?"

"भाई, आज गाऱ्हाणे मी घालतो."

"तू? तुका मालवणी तरी येता?"

खरे होते. ऑफिसात आयुष्य गेले, घरची बोली जिभेवरून उतरली होती. तरी मी नारळ हातात घेतला.

पुढचे थोडक्यात सांगतो. होकार भरायला दोघेच होते आणि दोघांनीही भरला. सदानंदने लगेच, भाईने बऱ्याच वेळाने. आता रविवारी मी त्यांना गिरगाव चौपाटीपर्यंत नेतो. पुढच्या सीटवर कोणी बसायचे यावरून दोघे लहान मुलांसारखे भांडतात, आणि मी कोणते गिअर चुकवले यावर मात्र त्यांचे एकमत होते. पोचा तिसऱ्यांदा काढला, तो आजवर परत आलेला नाही. डेंटर म्हणतो, "मैंने तो वही काम किया जो पहले किया था." तो पोचा कोणी पाडला, पत्र्याने की आणखी कशाने, मला ठाऊक नाही. ज्याने पाडला त्याचे उपकार मात्र मी रोज मानतो.

नारळ हातात घेऊन त्या दिवशी जे बोललो, ते जसेच्या तसे लिहून थांबतो.

"बा देवा म्हाराजा! भाईची टॅक्सी सदान नाय, मी ठोकलंय. सदा खरा बोललो, आणि मी चाय पीत उभो ऱ्हवलंय. भाई, सदूभाऊ... माझ्यापायी तुमचा तुटला. मी तुमचो अपराधी. माका माफ करा रे म्हाराजा!"