वन्समोअर न देणारं गाव

जेवणं उरकलीत. कुमुद भिंतीला टेकून वाती वळते आहे. कापूस मांडीवर, दुधाची वाटी शेजारी, वळलेल्या वाती ताटलीत. डोळे मिटतात, बोटं मात्र चालूच.

आज दिवेलागणीला सगळं गाव जळक्या थेटराच्या जोत्यावर जाणार. ज्याचं माणूस त्या आगीत गेलं, तो आपल्या माणसाची पणती ठेवणार. कुमुद साऱ्या आळीला वाती वळून देते. तिच्या घरची पणती मात्र आजवर गेलेली नाही.

कारण गाव म्हणतं: खांडववनाचा प्रवेश चालू होता, मागच्या पडद्यानं खरा पेट घेतला, आणि लोकांना वाटलं, काय ट्रिकसीन आहे! वन्समोअर दिला. पहिला दिला तो हरबा तांबटानं. कुमुदच्या बापानं. तोही तिथंच गेला.

तेव्हापासून या गावात कुणी वन्समोअर देत नाही. बाहेरचे गवई म्हणतात, मुकं गाव.

बोटं थांबतात.

पहिली घंटा.

"कुमे, दार लोट. धूर येतोय."

चुलीपाशी आप्पा बसलाय. हंडा ठोकतोय. हातोडा पडतो, आवाज होत नाही.

"आप्पा, तुम्ही गेला होता ना?"

"गेलो होतो की. नाटकाला." तो हसतो. "तुझी आई म्हणाली, बहिऱ्याला कशाला हवं संगीत नाटक? म्हटलं, बाई गायला लागली की मला पोटात ऐकू येतं."

"एक विचारू?"

"मोठ्यांदा विचार. तांबटाची पोर ना तू?"

"पहिला वन्समोअर तुम्ही दिलात?"

"काय?"

ती परत विचारते. आणखी मोठ्यानं. घसा दुखतो.

आप्पा हातोडा खाली ठेवतो. "माझा आवाज सगळ्यांच्या वर गेला, एवढं खरं. चल. बघून घे."

दुसरी घंटा.

फडताळ होतं तिथं बाकं आहेत. बाकांवर आळीतली माणसं, सगळी पाठमोरी. ताटलीतल्या वाती तिच्या ओच्यात आल्यात. छताच्या जागी तंबूचं कापड. की आईचं लुगडं?

तिसरी घंटा.

रंगमंचावर वन जळतंय. पक्षिणीचं सोंग घेतलेली बाई पिलांसाठी गाते आहे. मागे तांबडं होतं. मग पिवळं.

गाणं संपतं. आणि कुमुदला काही कळायच्या आत तिच्याच गळ्यातून

"वन्समोअर!"

ती दचकून शेजारी बघते. आप्पाचं तोंड मिटलेलं आहे.

"आता सांग," तो म्हणतो, "पहिला कोण?"

मग सगळं थेटर उठतं. वन्समोअर, वन्समोअर. त्यात आप्पाचाही आवाज, सगळ्यांच्या वर. बाई मागे वळून बघते. तिला दिसतं. नक्की दिसतं. ती पुन्हा पुढे येते.

"आप्पा, ती पळत का नाही?"

"लोकांनी मागितलंय. आत कशी जाईल?"

गाणं पहिल्यापासून सुरू होतं. पदराला आग आहे. बाक तापलंय.

"आप्पा, उठा!"

"गाणं चालू असताना?" तो तिच्या ओच्यातली एक वात उचलतो, हात लांब करून पडद्याला लावतो. पेटती वात तिच्या तळहातावर ठेवतो. "मूठ मीट. आणि जा. तुला आत्ता जाता येतंय."

"आणि तुम्ही?"

तो समोर बघतो आहे. त्याला पोटात ऐकू येतंय.

ती मूठ मिटते

आणि भिंतीला टेकलेली आहे. ऊन उंबऱ्यावरून सरकलंय. मांडीवर कापूस, वाटीतल्या दुधावर साय धरलेली. सकाळी पेटवलेला गॅस सोडला तर घरात आज काही पेटलेलं नाही.

मूठ उघडायला जड जाते. आत एक वात आहे. तिचं टोक काळं.

दारातून सून नीलिमा विचारते, "आई, आळीच्या पणत्या भरल्या. निघायचं का?"

"एक राहिली."

"कुणाची?"

कुमुद उठते. घसा खरखरतोय, बसलाय. तरी ती सांगते, हंडे ठोकणाऱ्या घरात बोलतात तसं, समोरच्या ओसरीवरच्या बायका वळून बघतील इतक्या मोठ्यानं.

"हरबा तांबटाची."