मिसकॉलवाल्या आक्का

समोरच्यानं नीट उत्तर दिल्याशिवाय माझ्या आत्याला चैन पडत नसे. रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं आणि तिनं "बरं हाय का?" विचारलं, की नुसती मान हलवून भागायचं नाही. "बरं म्हंजी काय? ताप उतरला का?" असं विचारून, ऐकूनच ती पुढं निघायची. तळेगाव ढमढेऱ्याला तिची भाजीपाल्याची रोपवाटिका होती. घरात आम्ही तिला आत्या म्हणायचो. शिरूर आणि दौंडकडचे शेतकरी मात्र तिला 'मिसकॉलवाल्या आक्का' म्हणून ओळखायचे.

हे नाव पडलं पुष्कळ नंतर. मी शाळेत होते तेव्हा ती आठवडी बाजारात पाटीत मिरची-वांग्याची रोपं घेऊन बसायची. आजूबाजूचे विक्रेते घसा फोडून ओरडत, आत्या गप्प. गिऱ्हाईक आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "मागल्या रोपांचं काय झालं?" रोपं जळाली असतील तर माणूस ओशाळून गोल गोल बोलायचा. मग ती हसायची. "सांगा की. तुमी न्हाई सांगितलं, तर मला कळायचं कसं?"

पुढं खेडोपाडी मोबाइल आले. मी शिरूरला एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरच्या दुकानात नोकरीला लागले. आमच्या दुकानातून एका फटक्यात शेकडो लोकांना मेसेज पाठवता यायचे. मालकांनी आत्याची जाहिरात तयार केली : 'उत्तम दर्जाची रोपे. आजच संपर्क साधा.' कुठून तरी मिळालेल्या नंबरांवर ती धाडलीसुद्धा. चौकशीला म्हणून फोन आले ते दोनच, एका मास्तरांचा आणि एका सलूनवाल्याचा, आणि दोघंही आमचा नंबर कुठून मिळाला म्हणून तणतणत होते. आत्यानं दोघांची माफी मागितली आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "अगं, ज्याला रान न्हाई त्याला मी रोपं कशाला सांगती? आपल्याकडं जी माणसं येत्यात, तेवढ्यांनाच मेसेज लाव. आन् त्यात कायतरी विचार."

तेव्हापासून तिचे मेसेज ती तोंडी सांगायची आणि मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची. 'मिरचीची पानं आकसली का? मिसकॉल द्या.' एवढंच. बाकीच्यांच्या मेसेजांत सवलती असत, हिच्यात साधी चौकशी. दुपारी जेवण झालं की ती शेडनेटच्या सावलीत पोत्यावर बसायची आणि आलेल्या प्रत्येक मिसकॉलला उलटा फोन लावायची. पाणी किती देता, शेजारच्या रानात काय हाय, पोरीची परीक्षा झाली का, सगळं बोलणं व्हायचं. कितीदा तरी ती "औंदा मिरची करूच नका" असंही सांगून मोकळी व्हायची. तिचे यजमान, आमचे मामा, टेम्पो धुताधुता पुटपुटायचे, "हिला इकायचंय का न्हाई, कुणाला ठावं!"

खरी कसोटी एका उन्हाळ्यात लागली. टोमॅटोची रोपं जोरात चालली होती. एका सकाळी राहिलेले ट्रे बघताना आत्या खाली बसली ती उठेचना. रोपं बुडापाशी काळी पडून कोलमडत होती. त्याच खेपेचे कितीतरी ट्रे आदल्या आठवड्यात गावोगाव गेले होते.

मामा म्हणाले, "ऊन लई हाय. रानात गेल्याव मेली तर कोण इचारतंय? लोक उन्हालाच बोल लावतील."

आत्यानं मला बोलावून घेतलं. "लिही. आपली ह्या आठवड्यातली टोमॅटोची रोपं खराब निघाली. लावू नका. लावली असतील तर मिसकॉल द्या."

"आत्या, धंदा बसेल," मी म्हणाले.

"बसू दे. रोज इचारती, तुमचं कसं हाय म्हणून. आज माझं वंगाळ झालंय, तर सांगाय नगं?"

मेसेज गेला आणि दिवसभर फोन खणखणत राहिला. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतंच हळहळलं. आत्या सगळ्यांना एकच सांगत होती, "नवी रोपं देती. महिना थांबावं लागंल. थांबायचं नसंल तर दुसरीकडनं घ्या, माझा राग न्हाई." दुसऱ्या दिवशी पाबळकडचा एक गडी मोटारसायकल दामटत आला. रान तयार करून बसला होता बिचारा. बांधावर उभा राहून त्यानं मनसोक्त बोलून घेतलं. त्याचं संपल्यावर तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिताना त्याची नजर रिकाम्या ट्रेंकडं गेली. मग म्हणाला, "एवढं सारं तुम्ही दोघंच भरणार व्हय?" आणि बाह्या सारून ट्रेत भरायचा नारळाचा भुसा, कोकोपीट, कालवायला बसला.

त्याचं बघून आणखी माणसं आली. आठवडाभर शेडमध्ये जत्रा होती. महिन्यानं नवी रोपं तयार झाली तेव्हा ती न्यायला जवळजवळ सगळे आले. दुसरीकडं गेलेले थोडे होते, तेही पुढच्या हंगामात परतले. मामांनी त्यानंतर पुटपुटणं सोडलं.

मी पुढं पुण्याला जाहिरातीच्या कंपनीत लागले. तिथं एका बटणावर लाखो लोकांना निरोप जायचा. कुणी नवी मोहीम मांडली की माझ्या तोंडून हटकून निघायचं, "लोकांनी उत्तर दिलं, तर ते ऐकायला कोण बसणार आहे?" सुरुवातीला सगळे हसले. नंतर त्यांनी ते ऐकायचं काम माझ्याकडंच दिलं आणि मी आनंदानं घेतलं.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर आत्यानं रोपवाटिका सुनेकडं सोपवली. आता निवांत बसेल असं वाटलं, तर तिनं मामांना टेम्पो काढायला लावला. "इतकी वर्सं नुसता आवाजच ऐकला. माणसं बघून येऊ." एका रविवारी मीही बरोबर होते. राहूच्या एका वस्तीवर हिराबाई म्हणून झेंडू करणारी बाई होती. तिची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन फिरायची, आता शेतीत स्थिरावली होती. आत्या तिच्याशी वर्षानुवर्षं फोनवर बोलली होती, पण रोपं न्यायला कायम तिचा मुलगाच यायचा.

वस्तीजवळ एक बाई पाठमोरी झेंडू तोडत होती. आत्यानं टेम्पोतूनच विचारलं, "बाई, हिराबाईचा मळा कुठं आला?"

बाईचा हात थांबला. वळायच्या आधीच ती म्हणाली, "आक्का?"

आत्या गुडघे सावरत खाली उतरली. हिराबाई ओटीतली फुलं तशीच सांडत आली. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि नुसत्या बघत उभ्या राहिल्या.