काय लागलं तर सांग

कोल्हापुरात पिंजाऱ्यांच्या बोळात एक काळ असा होता, की कुणाच्या दुःखाला भेटायला गेलेलं माणूस उठताना "काय लागलं तर सांग" असं म्हणण्याआधी दारात जरा थबकायचं. इतर ठिकाणी हे वाक्य वहाणा पायात सरकवता सरकवता बोलायचं असतं. बोलणाऱ्याला बोलल्याचं समाधान होतं, ऐकणारा मान हलवतो आणि विषय मिटतो. या बोळात तो मिटत नसे. त्याला कारण कुलसुमबी.

गोष्ट शाहू महाराजांच्या कारकिर्दीतली, पलेगाची पहिली साथ येऊन गेल्यानंतरची. कुलसुमचा नवरा गैबी पलेगातून वाचला, माळावरच्या झोपडीतून पोरांबाळांसकट धडधाकट घरी परतला, आणि दोन वर्षांनी उन्हाळा सरता सरता साध्या तीन दिवसांच्या तापानं गेला. मागं राहिली कुलसुम, नऊ वर्षांची ताजबी, सहा वर्षांचा कुतुबुद्दीन, पाळण्यातली हुसेनबी, आणि आढ्याला टांगलेली कापूस पिंजायची कमान. चांगली पुरुषभर लांब कमान, तिला ताणून बसवलेली आतड्याची तात. तात कापसात धरून लाकडी ठोकळ्यानं हाणली की घुमल्यासारखा आवाज होतो आणि दबलेला कापूस मोकळा होऊन उडतो. हे काम पुरुषांचं. बायकांनी गादीला टाके घालायचे, एवढीच रीत.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे गेलेल्याच्या नावानं दुआ, झाली आणि थोरला दीर फक्रुद्दीन बोलायला बसला. तो पेठ वडगावला राहायचा, तोही पिंजारीच. तोंडानं खरखरीत, पण मनात वाईट नसलेला माणूस. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी त्याच्या घरात पाळणा हलला नव्हता.

"पोरं माझ्या भावाची हायत, म्हंजे माझीच हायत," तो म्हणाला. "ताजबीला आन् कुतुबला मी नेतो. तू धाकटीला घेऊन हुपरीला भावाकडं जा. एकटी बाई तीन पोरं कशी वडणार? इद्दत हुईपतोर हितंच ऱ्हा. दसरा झाला की गाडी घिऊन येतो."

इद्दत म्हणजे नवरा गेलेल्या बाईनं घराबाहेर पाऊल न टाकण्याची मुदत, चार महिने दहा दिवस. तेवढीच मुदत आता पोरं एकत्र राहण्याचीही होती. फक्रुद्दीन उठला, वहाणेत पाय घालताना पडद्याकडं न बघता म्हणाला, "तवर काय लागलं तर सांग."

कुलसुमनं पडद्याआड मान हलवली.

तिला लोकांच्या घरात वाढणं माहीत होतं. आई गेल्यावर ती कोडोलीला मामाकडं वाढली. मामानं कधी हात उगारला नाही, पोटाला कमी केलं नाही. पण दुसरी भाकरी मागण्याआधी समोरच्याच्या तोंडाकडं बघायची सवय तिला तिथं लागली, आणि ती लग्नानंतरही गेली नव्हती. गैबी त्यावरून तिची चेष्टा करायचा. आता ताजबी आणि कुतुब वडगावच्या ताटावर बसून जावेच्या तोंडाकडं बघतायत, हे चित्र काही केल्या तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

आठव्या दिवशी तिनं कमान खाली घेतली. हात नवा होता, पण कान जुना होता. दहा वर्षं गाद्यांना टाके घालताना तिनं तो आवाज ऐकला होता, त्यामुळं कुठला ठोका बसला आणि कुठला फसला हे तिला ऐकूनच कळायचं. बोळातल्या चार जणांनी तिकडं मशिदीत जाऊन विचारलं, इद्दतीत कमान वाजवली तर चालतं का. म्हातारे मुल्लाजी म्हणाले, "बाई घराच्या भाईर गेली का? न्हाय ना? मग आवाज कुठंबी जाऊ दे."

अडचण मुल्लाजींची नव्हतीच. अडचण होती हुसेनबीची. कमान चालू झाली की पोर गप निजायची, थांबली की रडायची. पण दोन दिवसांत कापसाची कूस, म्हणजे उडणारे बारीक तंतू, तिच्या नाकातोंडात जाऊन ती खोकायला लागली. दुपारभर खोकणाऱ्या पोरीला खांद्यावर घेऊन कुलसुम खोलीत फेऱ्या मारत होती, आणि दीर म्हणतो तेच खरं असं तिला पहिल्यांदा वाटलं.

तेवढ्यात समोरचा सयाजी सुतार भेटायला आला. सोप्यावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, टेकला, गैबीच्या चार आठवणी काढल्या आणि उठताना म्हणाला, "काय लागलं तर सांगा वैनी."

पडद्यामागं कुजबूज झाली. ताजबी बाहेर आली आणि शाळेतला धडा म्हणून दाखवावा तशी उभी राहिली. "अम्मा म्हणती, एक लांब कळक लागतोय. निम्मा घरात, निम्मा सोप्यावर. आतल्या टोकाला कमान टांगायची, भाईरच्या टोकाला पाळणा. शुक्रवारी जमंल का?"

सयाजीचा एक पाय वहाणेत, एक जमिनीवर. "शुक्रवारी?"

"न्हायतर शनवारी. पर अम्मा म्हणती शुक्रवार बरा."

सयाजी शुक्रवारी कळक, चांगला लवचिक बांबू, घेऊन आला. कुलसुम पडद्याआड बसून राहिली आणि त्यानं भिंतीच्या वरच्या झरोक्यातून कळक आरपार काढून आढ्याला बांधला. त्या दिवसापासून आत ठोका पडला की बाहेर पाळणा थरथरायचा. कूस आत राहायची, पोर बाहेर निजायची. बोळातून जाणारे येणारे थांबून बघायचे, आणि सयाजी कुणी न विचारताच सांगायचा, "माझं डोकं हाय ते."

मग आली झुंबरबाई. शेजारच्या गल्लीतली जाडजूड, दणदणीत आवाजाची बाई. ती आपल्या दारात बोलली तरी बोळात ऐकू यायचं. तिनंही उठताना तेच म्हटलं. बाई माणूस, म्हणून कुलसुम स्वतः बोलली.

"आक्का, तुमच्या दोन गाद्या पिंजायला द्या. चांगल्या झाल्या तर सगळ्यांना वरडून सांगा."

"आन् वाईट झाल्या तर?"

"तरीबी वरडून सांगा."

झुंबरबाई खळखळून हसली. "ह्ये मातर मला जमंल गं!"

गाद्या वाईट झाल्या. झुंबरबाईनं कबूल केल्याप्रमाणं चौकात उभं राहून ओरडून सांगितलं, "आरं, गादीत गोटं हायत गोटं! आमचा म्हातारा रातभर कण्हतोय!" घरात बसलेल्या कुलसुमला शब्द न् शब्द ऐकू आला. कुतुबनं विचारलं, "अम्मा, ती आपल्याबद्दलच बोलती?" ती म्हणाली, "व्हय. आपल्याबद्दलच."

तिनं एक गादी परत मागवून उसवली. श्रावणातली हवा, कापसानं ओल धरली होती. ओला कापूस तातीला चिकटतो, मोकळा होत नाही, त्याचे गोळे होतात. गैबी कापूस आधी गालाला लावून बघायचा, हे तिला आता आठवलं. तिच्या स्वतःच्या हातागालांना दिवसभराच्या घामानं काही कळेना. तिनं कुतुबला हाक मारली, एक मूठ सुका आणि एक मूठ ओला कापूस त्याच्या दोन्ही गालांना लावला. पोरानं डोळे मिटले आणि लगेच सांगितलं, "ह्यो गार हाय."

त्या दिवसापासून कापूस बघायचं काम कुतुबचं. त्यानं गार म्हटला की कापूस बाजूला, मग गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. जसं निरोप सांगायचं काम ताजबीचं. एकाच्या कामात दुसऱ्यानं हात घालायचा नाही, आईनंसुद्धा नाही, असं कुलसुमनं ठरवून टाकलं.

पण गार कापूस सुकवायचा कुठं? घरात तर एक खोली आणि एक सोपा. भिंतीपलीकडं रुद्राप्पा वाण्याचं घर होतं. त्याची बायको गंगव्वा बेळगावकडची, बोलताना कानडी मिसळायची आणि कुलसुमला तंगी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची. पहिल्याच दिवशी तिनं "एन बेकादरू हेळ तंगी, काय पायजे ते सांग" असं म्हणून ठेवलं होतं.

कुलसुमनं तिला सांगितलं, "अक्का, तुमच्या चुलीवरचा माळा सुका असतोय. कापसाची गाठोडी ठेवू द्या."

गंगव्वानं मागं आपल्या दाराकडं बघितलं. तिची सासू सोवळ्याओवळ्याची कडक. "अवघड मागितलीस की तंगी," ती म्हणाली. आत गेली. भिंतीपलीकडं सासू-सुनेचं कानडीत बरंच झालं. नंतर गंगव्वा बाहेर आली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "दे. मी म्हणालो अत्तीला, कापूस काय आपल्या पंगतीला बसणार हाय व्हय?"

झुंबरबाईच्या गाद्या दुसऱ्यांदा झाल्या तेव्हा तिनं पुन्हा चौक गाठला. या वेळी काय ओरडली ते निरनिराळे लोक निरनिराळं सांगतात, पण दसऱ्याच्या आत कुलसुमच्या सोप्यावर गाठोडी ठेवायला जागा उरली नाही, हे सगळे सांगतात.

दसरा झाला. इद्दत सरली. फक्रुद्दीन बैलगाडी जुंपून आला. गाडीत त्याच्या बायकोनं दिलेली एक जरीची छोटी टोपी होती, ताजबीसाठी बांगड्या होत्या, आणि पोरांना बसायला मऊ गवत अंथरलेलं होतं.

बोळाच्या तोंडाशीच त्याला कमानीचा आवाज आला. पिंजाऱ्याचा कान. कमान भावाचीच, हे त्यानं ओळखलं, आणि त्याचं डोकं फिरलं. घरात कुठला पुरुष आणून बसवला हिनं? गाडी तशीच सोडून तो ताडताड आत शिरला.

आत कुलसुम होती. भुवयांवर कूस, डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली ओढणी, हातात ठोकळा. दिराला बघून तिनं हात थांबवला. बाहेर हुसेनबी लगेच रडायला लागली.

फक्रुद्दीन ढिगापाशी बसला. चिमूटभर कापूस तळहातावर घेऊन फुंकला. कापूस उडाला, गोळा राहिला नाही. त्यानं दुसऱ्या बाजूची चिमूट घेतली, ती फुंकली.

"मनगटानं हाणतीस," तो म्हणाला. "खांदा कशाला दिलाय अल्लानं? वर्सभरात हात जाईल." मग उठला. "काम ठीक हाय. पर गाडी आणलीया. तिकडं तुझी जाऊ दारात वाट बघत असंल. चल रं कुतुब."

टोपी त्यानं कुतुबच्या डोक्यावर ठेवली. ती भुवयांपर्यंत खाली आली.

कुतुबनं टोपी वर सारली. "बडेअब्बा, मी आलो तर कापूस गार हाय का कोण बघणार? ताजीचा गाल खरखरीत हाय."

"मग मी बघंन," फक्रुद्दीन म्हणाला.

"तुमाला तर दाढी हाय."

फक्रुद्दीननं ताजबीकडं बघितलं. ती दारात उभी, आईचा निरोप सांगायला तयार. पण त्या दिवशी कुलसुमनं तिला जवळ बोलावलं नाही. ओढणी सावरून ती स्वतःच बोलली.

"भाईसाब, जियारतीदिवशी उठताना तुम्ही म्हणालता, काय लागलं तर सांग."

"म्हणालतो की."

"चार महिनं धा दिवस तुमाला कायबी सांगितलं न्हाय. आज सांगते. वडगावच्या सोमवारच्या बाजारातनं चांगला कापूस घ्या आन् मंगळवारी हितं घिऊन या. हितंच जेवा, पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवा. माझा हात चुकला तर दाखवा. भाभीला थंडीत दोन महिनं धाडा, रजयांचं काम लई असतंय, आन् हुसेनबीला तिच्याच कुशीत निजवते मी. पर पोरं नेऊ नका. मला ह्येवढंच लागतंय."

फक्रुद्दीननं कुतुबच्या डोक्यावरची टोपी काढली, उलटीसुलटी करून बघितली.

"मोठी झाली," तो म्हणाला.

"व्हय," कुतुब म्हणाला.

"दे हिकडं. मंगळवारी बदलून आणतो."

कुलसुमनं ठोकळा खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तोंड फिरवून डोळे पुसले. त्यानं ते बघितलं नाही असं दाखवलं. कमानीपाशी बसला, खांद्यातून चार ठोके हाणून दाखवले. बाहेर पाळणा हलला. "आरं! ह्ये काय काढलंय?" म्हणून तो बाहेर जाऊन कळकाकडं बघत राहिला. मग वहाणेत पाय घातले आणि सवयीनं म्हणाला, "बरं, काय लागलं तर..."

"सांगू?" ताजबी दारातून म्हणाली.

फक्रुद्दीन असा हसला की बैल दचकले. बांगड्या तिच्या हातावर ठेवून तो रिकामी गाडी घेऊन वडगावला गेला. मंगळवारी कापूस आला. त्यानंतर किती वर्षं तो मंगळवारी येत राहिला, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण सक्तीच्या शाळेचा हुकूम निघाल्यावर काही वर्षांनी कुतुबची पोरं पाटी घेऊन जाताना म्हातारा फक्रुद्दीन सोप्यावर बसलेला असायचा, असं बघितलेली माणसं होती.

कुलसुमबीकडं पुढं एकट्या पडलेल्या बायका यायच्या. कुठल्याही जातीच्या, लांबलांबच्या पेठांमधून. पोरं कशी वाढवली, विचारायच्या. ती फार बोलायची नाही, काम चालू ठेवायची. एकदा चन्नम्मा नावाची एक कोवळी पोर येऊन बसली, मांडीवर तान्हं मूल. लोक लई चांगले आहेत, म्हणाली. सगळे विचारतात काय लागतंय म्हणून.

"मग तू काय म्हणतीस?"

"काय नको म्हणते. कसं मागायचं?"

कुलसुमबीनं कमान थांबवली. "काय नको म्हणलीस की ती माणसं मोकळी आन् तू अडकलीस. मोठं मागू नगंस, नेमकं माग. कोण कोण म्हणालं?"

"शेजारची सुभानाक्का म्हणाली."

"तिला जाऊन सांग, बुधवारी धुणं धुवून हुईपतोर पोरगं बघा. बुधवार म्हणायचं. 'कवातरी' म्हणायचं न्हाय. जा, आताच जा. पोरगं ठिव हितं पाळण्यात, तू येईपतोर मी वाजवत बसते."